कापडावरील नमुना आणि संगणक



आपलें घुग्घुस हें कोळशाच्या खाणींचें आणि कारखान्यांचें गांव. कापडासाठीं त्याची ख्याति नाहीं. तथापि शिवणयंत्राचा आवाज जिच्यांत ऐकूं येत नाहीं अशी आळी या गांवांत क्वचितच सांपडेल. पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या घरीं त्याची पत्नी, बहीण किंवा मुलगी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे ब्लाउज व फ्रॉक शिवून संसारास हातभार लावते, हें दृश्य आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. शिवणाऱ्या हाताला एक भीति सदैव असते. कात्री एकदां चालली कीं चालली. अडीच मीटर कापड न शोभणाऱ्या नक्षीचें घेतलें, किंवा पाठीवर फुलें उलटीं आलीं, तर तें नुकसान भरून निघत नाहीं.

कापडाला कात्री लावण्यापूर्वीं तें वस्त्र अंगावर कसें दिसेल हें आज संगणकावर पाहतां येतें. त्यासाठीं लागणारा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो आणि कापडाच्या नक्षीचे हजारों नमुनेही इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. हे नमुने कसे बनतात, ते चित्रांतील वस्त्रावर कसे चढवावे, आणि 'विनामूल्य' या शब्दाचा नेमका अर्थ काय, या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत पाठांत करावयाचा आहे.

१. नमुना म्हणजे काय ?

इंग्रजींत 'पॅटर्न' हा एकच शब्द दोन निराळ्या वस्तूंना लावतात, आणि त्यामुळें नवशिका विद्यार्थी घोटाळ्यांत पडतो. एक पॅटर्न म्हणजे कटाईचा कागद. पाठ, पुढची बाजू, बाही व गळा यांचे आकार तो दाखवितो. दुसरा पॅटर्न म्हणजे कापडाच्या अंगावरील नक्षी : पट्टे, चौकडी, बुट्टे, वेलपत्ती. कटाईचे कागद काढण्यासाठींही 'व्हॅलेंटिना'सारखे विनामूल्य प्रोग्रॅम आहेत. परंतु आपला आजचा विषय दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे नक्षीचा नमुना हा आहे.

नक्षी कितीही दूरवर पसरलेली असो, तिच्या पोटीं एक लहानसा तुकडा असतो. तोच तुकडा शेजारीं शेजारीं व खालीं वर मांडीत गेल्यानें सारें कापड भरतें. कापडाच्या धंद्यांत या तुकड्यास 'रिपीट' म्हणतात. नक्षीदार फरशी बसविलेली ओसरी तुम्हीं पाहिली असेल. एका फरशीवर फुलाचा चौथा भागच असतो, पण चार फरशा जुळल्या कीं मध्यभागीं पूर्ण फूल उमलतें. कापडाचा रिपीट हा तसाच आहे. म्हणून या पाठांत त्यास आपण 'फरशी' असेंच म्हणूं.

अशा मांडणीचे प्रकार अगणित वाटतात. परंतु सपाट पृष्ठभागावर दोन दिशांनीं पसरणाऱ्या नक्षीच्या सममितीचे प्रकार केवळ सतरा आहेत, आणि एकाच दिशेनें धांवणाऱ्या कांठाच्या नक्षीचे केवळ सात. सतरा प्रकारांची ही गणना रशियन शास्त्रज्ञ फेडोरोव्ह यांनीं १८९१ सालीं सिद्ध केली. विणकर आणि गवंडी हे प्रकार हातानें आधींच घडवीत होते, गणित मागाहून आलें.

२. आपल्या मुलखाचा कांठ

नमुन्याचें उदाहरण म्हणून परदेशांतील फुलें घेण्याचें आपणांस कारण नाहीं. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यांत नागभीड येथें, तसेंच गडचिरोली, भंडारा व नागपूर या भागांत कोशाच्या रेशमाचें, ज्यास टसर म्हणतात त्याचें, कापड विणलें जातें. तुतीवरचा रेशमाचा किडा घरांत पाळतात. टसरचा किडा मात्र उघड्या रानांत ऐन व अर्जुन या झाडांचा पाला खाऊन वाढतो. गडचिरोलीच्या बाजूस धिवर समाजाचीं कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या या किड्यांची राखण करीत आलीं आहेत. पांखरांपासून व मुंग्यांपासून त्यांना जपावें लागतें, आणि झाडाखालीं दिवस काढावे लागतात. त्या कोशांतून निघणाऱ्या धाग्याचा मूळचाच रंग मधासारखा असतो.

या टसरी साडीला जो कांठ जोडून विणतात, त्याचे दात करवतीच्या दातांसारखे दिसतात; म्हणून तिला करवतकांठी साडी म्हणतात. अंग रेशमाचें आणि कांठ सुती, अशी तिची रीत आहे. कांठाचा आडवा धागा वेगळ्या धोट्यानें फिरतो आणि अंगाच्या धाग्याशीं ठरलेल्या जागीं अडकतो. ती जागा विणकर दर फेरीला थोडी आंत, मग थोडी बाहेर सरकवितो, आणि त्या सरकण्यांतून दात उभा राहतो. म्हणजे हा दात कापडावर मागाहून छापलेला नसून तो कापडाच्या बांधणीचाच भाग आहे. छापलेला दात एका अंगावर रंग होऊन राहतो. विणलेला दात उलट्या बाजूसही तसाच असतो. हा भेद ध्यानांत ठेवा, पुढें त्याचें काम पडेल.

३. करवतीची फरशी

आतां चौकटींचा कागद घ्या. त्यावर उभ्या आठ ओळी व आडवीं सहा घरें यांचा एक आयत आंखा. प्रत्येक ओळींत डावीकडून पुढील संख्येइतकीं घरें काळीं करा : १, २, ३, ४, ४, ३, २, १. एक दात तयार झाला. हाच आयत पुन्हां त्याच्या खालीं काढा. पहिल्या आयताची शेवटची ओळ एका घराची आहे व दुसऱ्याची पहिली ओळही एका घराचीच आहे. म्हणून सांधा कोठें आहे हें दिसत नाहीं. आतां मुद्दाम आठांऐवजीं सहाच ओळींवर आयत तोडून पाहा. तीन घरांवरून एकदम एका घरावर उडी पडते आणि प्रत्येक दाताखालीं ओबडधोबड खांच दिसूं लागते.

फरशीचें सारें रहस्य एवढेंच आहे. तिची वरची कड खालच्या कडेशीं आणि डावी कड उजव्या कडेशीं जुळली पाहिजे. ज्या फरशीच्या कडा जुळतात तिला इंटरनेटवर 'सीमलेस', म्हणजे सांधा न दिसणारी, असें म्हणतात. साडेपांच मीटर लांबीच्या साडीवर एक सेंटिमीटरचा एकेक दात धरला तर एका कांठावर ५५० दात होतील. विणकराला ते सर्व विणावे लागतात. संगणकाला एक दात दिला कीं पुरतो.

येथें एक ऐतिहासिक संबंध सांगण्याजोगा आहे. फ्रान्समधील जॅकार्ड यानें १८०४ सालीं भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्यानें नक्षी विणणारा माग तयार केला. भोंक असेल तर धागा उचलावा, नसेल तर उचलूं नये, अशी ती आज्ञा होती. हीच भोंकांच्या पुठ्ठ्यांची युक्ति पुढें इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यानें आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यांत घेतली, आणि अमेरिकेच्या १८९० सालच्या खानेसुमारींत हर्मन हॉलेरिथ याच्या यंत्रांनीं तशाच पुठ्ठ्यांवरून माणसें मोजलीं. संगणकाच्या घराण्यांत मागाचा असा वांटा आहे.

४. संगणकावरील कृति

चित्रसंस्काराच्या विनामूल्य प्रोग्रॅमांत 'गिम्प' हा प्रमुख आहे. अमेरिकेंतील बर्कले विद्यापीठाच्या स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनीं तो १९९५ सालीं लिहावयास घेतला व १९९६ सालीं लोकांच्या हातीं दिला. पुढें जगभरच्या स्वयंसेवकांनीं तो वाढविला. त्याची प्रत कोणीही घ्यावी, वाटावी, सुधारावी, अशी त्याच्या परवान्यांतच मुभा आहे. ज्यांना हातानें रंगवावयाचें आहे त्यांस 'क्रिटा' हा प्रोग्रॅमही उपयोगी पडतो.

समजा, तुम्हांस एका पांढऱ्या फ्रॉकच्या छायाचित्रावर बुट्ट्यांचें कापड चढवावयाचें आहे. कृति पुढीलप्रमाणें करावी.

पहिली पायरी, फरशी तपासणें. फरशीचें चित्र उघडून 'ऑफसेट' ही आज्ञा द्यावी व चित्र आडवें निम्मे आणि उभें निम्मे सरकवावें. असें केल्यानें ज्या चार कडा बाहेर होत्या त्या चित्राच्या मधोमध अधिक-चिन्हासारख्या येतात, आणि पूर्वीं मध्यभागीं असलेला अखंड भाग कडेला जातो. नव्या कडा आपोआप जुळतात. मधल्या अधिक-चिन्हावर तुटकेपणा दिसला तर कडांना हात न लावतां तेवढाच भाग कुंचल्यानें बुजवावा. फरशी निर्दोष झाली.

दुसरी पायरी, फ्रॉकचा आकार निवडणें. छायाचित्रांतील फक्त फ्रॉकचा भाग निवडीच्या साधनानें घेरावा. हात, केस व पार्श्वभूमि बाहेर ठेवावी. ही पायरी कंटाळवाणी आहे, परंतु कापड चांगलें दिसणें तिच्यावरच अवलंबून असतें.

तिसरी पायरी, कापड भरणें. फरशीची नक्कल करून घेतली कीं ती गिम्पच्या नमुन्यांच्या यादींत आपोआप येते. छायाचित्रावर एक नवा थर, म्हणजे 'लेयर', घ्यावा आणि निवडलेल्या भागांत 'बकेट फिल'नें तो नमुना ओतावा.

चौथी पायरी, चुण्या परत आणणें. या वेळीं फ्रॉक कागदाच्या कापटासारखा सपाट दिसेल, कारण त्याच्या चुण्या व सांवल्या नव्या थराखालीं झांकल्या गेल्या. थराची रीत 'मल्टिप्लाय', म्हणजे गुणाकार, अशी करावी. तिचें तत्त्व अंकगणिताचेंच आहे. पूर्ण पांढऱ्याची किंमत १ व पूर्ण काळ्याची ० धरा. नक्षीच्या रंगाची किंमत ०·८ आणि त्या जागीं चुणीची किंमत ०·५ असेल, तर गुणाकार ०·४ होतो. म्हणजे रंग सांवलींत गडद होतो. जेथें फ्रॉक शुभ्र आहे तेथें ०·८ ला १ नें गुणिल्यावर ०·८ च राहते, म्हणजे रंग जसाच्या तसा दिसतो. यावरून मूळ फ्रॉक पांढराच कां घ्यावा हेंही कळेल. काळ्या फ्रॉकवर कोणतेंही कापड चढविलें तरी गुणाकार शून्याच्या आसपासच राहील.

पांचवी पायरी, वळण देणें. खऱ्या कापडाचे पट्टे चुणीबरोबर वळतात. 'वॉर्प' या साधनानें नक्षी चुणीच्या दिशेनें हलकेच ढकलावी. येथें संयम हवा. अति ढकलल्यास कापड पाण्यांत बुडाल्यासारखें दिसतें.

५. मापाचा विवेक

बहुतेक विद्यार्थ्यांचीं चित्रें बिघडतात तीं मापामुळें. संगणकाच्या पडद्यावर ठिपके असतात, सेंटिमीटर नसतात; दोहोंची सांगड आपणच घालावी लागते. फ्रॉकची खरी लांबी ८० सेंटिमीटर आहे व चित्रांत तो ८०० ठिपके लांब आहे असें माना. म्हणजे एक सेंटिमीटरास १० ठिपके पडले. फरशी खऱ्या कापडावर ४ सेंटिमीटरची हवी असेल तर चित्रांत ती ४० ठिपक्यांची असली पाहिजे. उतरवून घेतलेली फरशी २०० ठिपक्यांची असेल तर ती आधीं शेंकडा २० इतकी लहान करावी आणि मगच ओतावी. हा हिशेब न केल्यास लहान मुलीच्या फ्रॉकवर भोपळ्याच्या पानाएवढीं फुलें येतात.

कापड छापून घ्यावयाचें असेल तर हिशेब उलट होतो. इंचास १५० ठिपके या मापानें ५ सेंटिमीटरची फरशी सुमारें २९५ ठिपक्यांची हवी. तीच फरशी ताणून १५ सेंटिमीटरची केली तर इंचास ५० च ठिपके उरतात आणि नक्षीच्या कडा पुसट होतात. शिवाय पडदा तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे रंग दाखवितो, कापडावर मात्र शाई असते. म्हणून सबंध थान छापण्यापूर्वीं हातभर तुकडा छापून पाहणें शहाणपणाचें होय.

शिवणकामाचा एक नियमही येथें लागू होतो. ज्या नक्षीला डोकें व पाय आहेत, उदाहरणार्थ देठासह फूल किंवा मोर, ती एकमार्गी असते. खांद्यावर शिवण न ठेवतां पुढची व मागची बाजू एकाच अखंड तुकड्यांतून कापली, तर पुढचा मोर उभा राहतो आणि पाठीवरचा डोक्यावर पडतो. पडद्यावर पुढची व मागची अशीं दोन्ही चित्रें भरून पाहिल्यास हा दोष कापड कापण्याआधींच ध्यानांत येतो.

६. 'विनामूल्य' याचा अर्थ

मित्रहो, जें पैसे न देतां उतरवून घेतां येतें तें सर्व आपलें झालें असें नाहीं. रस्त्याकडेच्या झाडाचें फळ आणि कुंपणावरून हात घालून तोडलेलें फळ, दोहोंसही पैसे पडत नाहींत. पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत.

विनामूल्य नमुन्यांचे सामान्यतः तीन वर्ग करतां येतील. पहिला वर्ग सार्वजनिक मालकीचा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं त्याच्या चित्रावरील हक्क संपतो. इंग्लंडचा प्रसिद्ध नक्षीकार विल्यम मॉरिस १८९६ सालीं वारला; त्याच्या वेलपत्त्या आज सर्वांच्या आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेंही २०१७ सालीं आपल्या संग्रहांतील हक्कमुक्त वस्तूंचीं लाखों छायाचित्रें कोणतीही अट न घालतां खुलीं केलीं, आणि त्यांत जुन्या वस्त्रांचीं चित्रेंही आहेत. दुसरा वर्ग नांवाच्या अटीचा. घ्या, वापरा, पण करणाराचें नांव लिहा, असें तो सांगतो. तिसरा वर्ग केवळ घरगुती उपयोगाचा. आपल्या बहिणीच्या फ्रॉकचें चित्र त्यावरून करावें, परंतु तो नमुना छापून विकूं नये. या अटी एकसारख्या भाषेंत लिहितां याव्या म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्स नांवाच्या संस्थेनें २००२ सालीं आपले परवाने प्रथम प्रसिद्ध केले. नमुना उतरविण्यापूर्वीं परवाना वाचावा आणि करणाराचें नांव वहींत टिपून ठेवावें, ही संवय आतांपासूनच लावून घ्या.

७. विणकराच्या नमुन्याचें काय ?

आतां कठीण प्रश्नाकडे वळूं. करवतीचा दात कोणाचा ? तो काढणारा पहिला विणकर कोण, हें कोणास ठाऊक नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें तो आकार कोणाचाच नाहीं. नव्या नक्षीची नोंद करणारासही २००० सालच्या डिझाइन कायद्यानें दहा वर्षें व मागणी केल्यास आणखी पांच वर्षें एवढेंच संरक्षण मिळतें. आणि नोंद होण्याजोगी नक्षी नोंद न करतां मालकाच्या संमतीनें यंत्रावर पन्नासांहून अधिक वेळां निघाली, तर तिच्यावरचा कॉपीराइटही जातो. करवतकांठी या नांवाला मात्र भौगोलिक निर्देशनाच्या १९९९ सालच्या कायद्याखालीं नोंदणी मिळालेली आहे. म्हणून इतरत्र यंत्रावर छापलेल्या कृत्रिम धाग्याच्या साडीला करवतकांठी म्हणून विकणें हें त्या कायद्याविरुद्ध आहे. परंतु नांव न घेतां नुसते दात छापले तर विणकराच्या हातीं फारसें कांहीं उरत नाहीं.

ही अडचण संगणकापेक्षां पुष्कळ जुनी आहे. १८६६ सालीं जॉन फोर्ब्स वॉटसन या इंग्रज अधिकाऱ्यानें हिंदुस्थानांतील कापडांचे अठरा खंड तयार केले. त्यांत कापडाचीं चित्रें नव्हतीं. खरींच कापडें कापून त्यांचे सातशें तुकडे चिकटविले होते. अशा वीस संचांपैकीं तेरा ब्रिटनमध्यें ठेवण्यांत आले व सात हिंदुस्थानांत. हिंदी लोकांस कसें कापड आवडतें हें तेथील गिरणीवाल्यांस कळावें आणि तसलें कापड त्यांनीं येथें विकावें, हा त्यांतील उघड हेतु होता. ज्यांच्या मागावरून ते तुकडे उतरले होते त्यांना त्या बदल्यांत कांहीं मिळालें नाहीं. आज ते खंड इतिहासाच्या अभ्यासकांस मोलाचे वाटतात, हेंही खरें. पण नमुन्यांचा मोफत संग्रह कोणाच्या उपयोगी पडतो आणि कोणाच्या मुळावर येतो, हा प्रश्न त्यांनीं स्पष्ट उभा केला.

मग आपण करवतीचा दात संगणकावर काढूं नये काय ? अवश्य काढावा. त्यावांचून तो समजणार नाहीं. मात्र तीन गोष्टी पाळाव्या. चित्राखालीं 'विदर्भांतील करवतकांठी विणकामावरून' असें लिहावें. छापील कापडाला विणलेलें म्हणून कोणास देऊं नये. दोहोंतला भेद गिऱ्हाइकास सांगावा. आणि आपल्या रेखाटनाचा उपयोग विणकरास होईल असें पाहावें. नवा रंगमेळ, नव्या मापाचा दात, कांठाची नवी रुंदी, हें सर्व पडद्यावर घटकाभरांत बदलून पाहतां येतें. मागावर ताण्याचा रंग बदलावयाचा तर ताणा नव्यानें लावावा लागतो. शाळेंत हें शिकलेल्या मुलामुलींनीं विणकराजवळ बसून त्याच्या सांगण्याप्रमाणें दहा रंगमेळ काढून दाखविले, आणि त्यानें त्यांतील एक निवडला, तर त्याचे श्रम व सूत वांचेल. त्या व्यवहारांत नमुना विणकराच्या हातून सुटत नाहीं.

पालकांस विनंति

मुलगा किंवा मुलगी संगणकापुढें रंग भरीत बसली म्हणजे ती खेळतच आहे असें समजूं नये. या कामांत प्रमाण, गुणाकार, सममिति व कायदा इतके विषय येतात. महागड्या प्रोग्रॅमची चोरटी प्रत घरीं आणून देऊं नये. विनामूल्य प्रोग्रॅमवर हें सर्व होतें, आणि मुलांना चोरीची संवय लागत नाहीं. घरीं संगणक नसल्यास चौकटींचा कागद व दोन रंगांच्या पेन्सिली घेऊनही निम्मा अभ्यास होतो. ज्यांच्या घरीं शिवणकाम चालतें त्यांनीं मुलांना कापडाचीं खरीं मापें द्यावीं आणि त्यांनीं काढलेलें चित्र पाहून मगच कापड कापावें.

अभ्यासासाठीं

१. ओळींतील घरें १, ३, ५, ५, ३, १ अशीं घेऊन करवतीची फरशी काढा व तिचा सांधा दिसतो कीं नाहीं हें तपासा.

२. कुर्त्याची लांबी ९० सेंटिमीटर असून चित्रांत तो ४५० ठिपक्यांचा आहे. ६ सेंटिमीटरची फरशी चित्रांत किती ठिपक्यांची होईल ? उतरवून घेतलेली फरशी ३०० ठिपक्यांची असेल तर ती शेंकडा किती करावी लागेल ?

३. आपल्या घरांतील तीन कापडें निवडून प्रत्येकांतील सर्वांत लहान फरशी शोधा व तिची लांबीरुंदी मोजून लिहा.

४. घरांत जुनी हातमागाची साडी असल्यास आजीच्या किंवा आईच्या परवानगीनें तिचा कांठ दोन्ही बाजूंनीं पाहा. नक्षी छापलेली आहे कीं विणलेली, हें कशावरून ठरविलें तें चार ओळींत सांगा.